टिळक आमदार असताना

शनिवारपेठी:

टिळकांवर इथे आजवर जे धागे निघाले त्यांत आगरकर आहेत, गणपती आहे, मंडाले आहे, आणि संमतिवयाची हाणामारी तर दर सहा महिन्यांनी ठरलेलीच. पण १८९५ ते १८९७ या काळात 'केसरी'चा संपादक मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात बसत होता, यावर कोणी चार ओळी खरडल्याचं दिसत नाही. चरित्रांतही हा भाग दुष्काळ आणि पुण्याचा प्लेग अधिकारी रँडचा खून यांच्यामध्ये चेपून जातो. म्हणून हा प्रपंच.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८९० ला टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. पाठोपाठ 'केसरी' आणि 'मराठा' ही दोन्ही पत्रं त्यांच्याकडे आली, ती डोक्यावरच्या कर्जासकट. पत्रांवर घर चालेना, म्हणून वकिलीच्या परीक्षेला बसणाऱ्या पोरांसाठी लॉ क्लास काढला, लातूरला जिनिंगच्या कारखान्यात भागी घेतली. बिऱ्हाड आणि कचेरी विंचूरकर वाड्यात. गायकवाड वाडा, म्हणजे आजचा केसरीवाडा, १९०५ नंतरचा. हा माणूस सकाळी पोरांना हिंदू कायदा शिकवतोय, दुपारी अग्रलेख सांगतोय, मधल्या वेळात वेदांच्या काळाचं गणित मांडतोय, असा तो काळ.

मग उजाडलं १८९५. त्या एका वर्षात टिळक पुणे नगरपालिकेत गेले, सार्वजनिक सभा त्यांच्या गटाने रानडे-गोखल्यांच्या हातून काढून घेतली, आणि मध्य विभागाच्या लोकल बोर्डांकडून ते मुंबईच्या कौन्सिलात निवडून आले. मध्य विभाग म्हणजे पुणे, सातारा, सोलापूर, नगर, नाशिक आणि खानदेश. त्याच डिसेंबरात काँग्रेस पुण्यात भरायची होती. तिच्या मांडवात सामाजिक परिषद भरवायची की नाही यावरून इतकी जुंपली की टिळकांनी चिटणीसपद सोडलं. आगरकर त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते.

माझं म्हणणं एवढंच. टिळकांना कौन्सिलाचा मोह नव्हता आणि तिटकाराही नव्हता. त्यांनी ती खुर्ची 'केसरी'च्या आणखी एका रकान्यासारखी वापरली. सरकारकडून माहिती काढायची, सरकारचेच कायदे सरकारच्या तोंडावर वाचून दाखवायचे, आणि मंगळवारी ते मराठीत छापून गावोगाव पाठवायचे. कौन्सिलात बोललेलं ऐकायला वीस-पंचवीस माणसं, 'केसरी' वाचायला हजारो, आणि पारावर वाचून घेणारे त्याहून जास्त.

जाणकारांनी भर घालावी. जातीवर घसरू नये ही विनंती. (घसरणार आहातच, पण निदान दुसऱ्या पानावर.)

---

गंमतजंमत:

दुसरं पान? तुम्ही फारच आशावादी बुवा.

---

कोर्टकचेरी:

धागा उत्तम, पण शीर्षकावर हरकत नोंदवतो. 'आमदार' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे प्रचार, मतपेटी, पाच वर्षं असं सगळं येतं. १८९२ च्या कौन्सिल कायद्यात यातलं काही नव्हतं. लोकल बोर्डं, नगरपालिका, विद्यापीठ, व्यापाऱ्यांचं चेंबर, दख्खनचे सरदार अशा ठरावीक संस्थांनी एकेक नाव सुचवायचं आणि गव्हर्नराने त्याची नेमणूक करायची. सगळे त्याला निवडणूक म्हणत, पण कायद्याने ती शिफारस होती. मुदत दोन वर्षांची. सरकारी आणि सरकारने नेमलेले सभासद मिळून बहुमत कायम सरकारचं.

सभासदाला करता काय यायचं? अंदाजपत्रकावर भाषण, पण मतदान नाही. प्रश्न विचारता यायचा, पण आगाऊ लेखी देऊन. आणि खरी गोम इथे आहे: उत्तर आल्यावर त्यावर उपप्रश्न विचारायला बंदी. सरकारने 'माहिती मागवली आहे' छापाचं उत्तर दिलं की मुकाट खाली बसायचं. अध्यक्षस्थानी खुद्द गव्हर्नर, त्या वेळी लॉर्ड सँडहर्स्ट. पावसाळ्यात सरकारच पुण्याला मुक्कामी असायचं, तेव्हा कौन्सिलही पुण्यात भरायचं. ज्या कौन्सिल हॉल चौकातून तुम्ही सिग्नल तोडून जाता, त्याचं नाव त्यावरून आहे.

तर शनिवारपेठींचा मुद्दा मला उलट्या बाजूने पटतो. उपप्रश्न विचारायची सोय नसलेल्या सभागृहात ज्याच्या हाती वर्तमानपत्र आहे त्यालाच उपप्रश्न विचारता येतो. बाकी सभासद उत्तर ऐकून घरी जायचे. टिळक ते उत्तर घेऊन छापखान्यात जायचे.

---

शनिवारपेठी:

@कोर्टकचेरी, शेवटची दोन वाक्यं चोरणार आहे. सिग्नलबद्दल मात्र सभ्य शब्दांत निषेध.

---

सत्यशोधन:

दुसरं पान यायची वाट कशाला बघू?

'लोकल बोर्डांनी निवडून दिलं' हे वाक्य ऐकायला छान आहे. लोकल बोर्डात बसलं कोण होतं? इनामदार, वकील, सावकार, पेन्शनर मामलेदार. ज्या कुणब्याच्या सारावसुलीवर कौन्सिलात भाषणं झाली, त्याला मत नव्हतं. टिळक सहा जिल्ह्यांचे प्रतिनिधी होते म्हणताना हे विसरू नये. १८७५ ला सुपे-भीमथडीकडे शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्या कायद्याच्या वादात 'केसरी' सावकाराची बाजू मांडत होता, हेही छापील आहे. साऱ्याच्या प्रश्नात शेतकऱ्याचा कैवार आणि कर्जाच्या प्रश्नात सावकाराचा, हे दोन्ही एकाच लेखणीतून आलं.

आणि एक आठवण द्यायची आहे, कारण अशा धाग्यांत ती कधी येत नाही. १८८२ ला कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर अडकले तेव्हा जामीन कोणी दिला? रामशेट उरवणे यांनी, दहा हजारांचा. महात्मा फुल्यांच्या वर्तुळातला माणूस. डोंगरीच्या तुरुंगातून १०१ दिवसांनी दोघं सुटले तेव्हा स्वागताला सत्यशोधक मंडळी पुढे होती. 'दीनबंधू'चे नारायण मेघाजी लोखंडे त्यांत होते. लोखंडेही संपादकच. गिरणी कामगारांची संघटना बांधली, फॅक्टरी कमिशनपुढे गाऱ्हाणी मांडली. त्यांना कौन्सिलात पाठवणारं लोकल बोर्ड कुठेच नव्हतं.

---

एक_पेन्शनर:

सत्यशोधन, मुद्दा रास्त. पेन्शनर मामलेदारांवर जरा दया करा एवढंच.

---

शनिवारपेठी:

मतदार कोण होते याबद्दल वाद नाही. सावकारांबद्दल 'केसरी'ची भूमिका होती तीच तुम्ही सांगितलीत, तीही झाकायची गरज नाही. लोखंड्यांचा मुद्दा तर माझ्या मूळ लेखात यायलाच हवा होता.

पण १८९६ चा दुष्काळ जरा जवळून बघा. त्यात हा संपादक-सभासद प्रकार कसा चालायचा ते दिसतं. पाऊस दगा देऊन गेला. सरकारकडे दुष्काळ निवारणाची संहिता होती. पीक किती बुडालं की वसुली तहकूब करायची, कधी सूट द्यायची, दुष्काळी कामं कधी काढायची, मजुरी किती, सगळं तीत लिहिलेलं. फक्त ते इंग्रजीत, आणि कलेक्टरच्या कपाटात. टिळकांनी काय केलं, तर तीच संहिता मराठीत समजावून 'केसरी'त छापली, सार्वजनिक सभेमार्फत पत्रकं वाटली आणि सभेची माणसं गावोगाव पाठवली. सांगणं साधं होतं: घरात दाणा नसेल तर बैल विकून किंवा कर्ज काढून सारा भरू नका, कायद्यानेच तुम्हाला सवलत दिली आहे, ती मागा. कायदा मोडा असं कुठेही नाही. सरकारने स्वतः केलेला कायदा सरकारने पाळावा, एवढंच.

यात बंडखोरी कुठे पकडायची हेच अधिकाऱ्यांना कळेना. सभेच्या माणसांवर खटले झाले. शेवटी १८९७ ला सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली, म्हणजे तिच्या अर्जांना यापुढे सरकार उत्तर देणार नाही.

सोलापूरचं प्रकरण मला जास्त बोलकं वाटतं. माग बंद पडले, विणकर देशोधडीला लागायची वेळ आली. त्यांना खडी फोडायला पाठवून काय उपयोग? बोटं गेली की धंदा गेला. टिळक सोलापूरला गेले, तिथल्या व्यापाऱ्यांना बसवून घेतलं आणि योजना आखली: विणकरांना त्यांच्याच मागावर काम द्यायचं, भार व्यापाऱ्यांनी आणि सरकारने मिळून उचलायचा. संहितेत असल्या मदतीला जागा होती. सरकारने योजना फेटाळली. यात टिळकांनी ना सिंहगर्जना केली ना काही. आकडेमोड करून एक व्यवहारी प्रस्ताव दिला होता. हा टिळक आपल्या पुतळ्यांत कुठे दिसत नाही.

---

माळावरची_मावशी:

आमच्याकडे लातूरला अजून जुनी माणसं 'टिळकांची जिनिंग' म्हणतात. तेव्हा लातूर निजामाच्या राज्यात. म्हणजे इंग्रजांच्या कौन्सिलातल्या सभासदाचा धंदा निजामाच्या मुलखात! कापूस ओळखणारा माणूस होता, म्हणूनच सोलापूरच्या मागांचा हिशेब जमला असेल असं मला आपलं वाटतं. धागा वाचतेय, चालू द्या.

---

मिसूरीकर:

थोडं अवांतर, पण विषय संपादक-आमदाराचा आहे म्हणून.

मी राहतो त्या मिसूरी राज्यात जोसेफ पुलित्झरची सुरुवात झाली. हंगेरीतून सतराव्या वर्षी अमेरिकेच्या यादवीत लढायला आलेला, इंग्रजी धड न येणारा पोरगा. सेंट लुईसच्या 'वेस्टलिखे पोस्ट' या जर्मन दैनिकात बातमीदार झाला. १८६९ च्या डिसेंबरात राज्याच्या विधानसभेवर निवडूनही आला. वयाची अट २४ ची, हा २२ चा. कोणी विचारलं नाही, यानेही सांगितलं नाही.

आता गंमत बघा. कौंटीच्या बांधकामातल्या घोटाळ्यावर हा पेपरात लिहायचा आणि विधानसभेत त्यावरच विधेयक आणायचा. १८७० च्या जानेवारीत जेफरसन सिटीच्या एका हॉटेलात ऑगस्टिन नावाच्या कंत्राटदाराने सगळ्यांसमोर त्याला खोटारडा म्हटलं. पुलित्झर खोलीवर गेला, पिस्तूल घेऊन आला आणि गोळी झाडली. ती पायाला लागली. शिक्षा काय, तर शंभर डॉलर दंड आणि कोर्टखर्च. पुढे १८७८ ला त्याने लिलावात पेपर विकत घेतला, १८८३ ला न्यूयॉर्कचं 'वर्ल्ड' घेतलं, बाकी इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

तिकडे आमदाराने माणसाला गोळी घातली, दंड भरून मोकळा. इकडे दुसऱ्याच कोणीतरी गोळी झाडली आणि आमदाराला लेखांबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी. राजा कोणाचा यावर सगळं.

---

गंमतजंमत:

पुलित्झर पारितोषिक नेमबाजीसाठीही द्यायला हवं होतं.

---

कोर्टकचेरी:

मिसूरीकरांनी विषय काढलाच आहे तर १८९७ कडे येऊ.

मुदत संपल्यावर टिळक कौन्सिलावर पुन्हा निवडून आले होते. पुण्यात प्लेग, रँडची समिती, घराघरांत घुसणारे गोरे सोल्जर. पुढारी मंडळी गाव सोडून गेली तेव्हा टिळक पुण्यात राहिले, हिंदू प्लेग हॉस्पिटलाच्या कामात होते. हे मुद्दाम सांगतो, कारण प्लेगच्या उपायांनाच त्यांचा विरोध होता असा समज आहे. रोग्यांना वेगळं ठेवावं हे त्यांना मान्य होतं. राग होता तो दांडगाईवर.

आता तारखा बघा, सगळे मंगळवार आहेत. १५ जूनच्या 'केसरी'त शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता. उत्सवात प्रा. भानूंनी अफझलखानाच्या वधावर व्याख्यान दिलेलं, अध्यक्ष टिळक. २२ जूनच्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून परतताना, गणेशखिंडीत रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या. ६ जुलैला 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?', १३ जुलैला 'राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे'. २७ जुलैला मुंबईत अटक. म्हणजे त्या दिवशीचा अंक बाजारात आणि संपादक कोठडीत.

कलम १२४-अ, म्हणजे राजद्रोह. खटला मात्र १५ जूनच्या मजकुरावर, नंतरच्या अग्रलेखांवर नाही. सभासदत्वाचं कवच मिळायचा प्रश्नच नव्हता, मजकूर कौन्सिलाबाहेरचा. अशा खटल्याला सरकारची मंजुरी लागते. म्हणजे ज्या सँडहर्स्टच्या अध्यक्षतेखाली हा माणूस कौन्सिलात अंदाजपत्रकावर बोलायचा, त्याच्याच सरकारने कागदावर सही केली. टिळकांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला.

जामिनाचा अर्ज चालवला दिनशा दावर यांनी आणि मंजूर केला न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी, काँग्रेसचे माजी अध्यक्ष. सप्टेंबरात न्या. स्ट्रॅची यांच्यापुढे खटला. ज्यूरीत सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन. कोण कुठल्या बाजूला होते ते सांगायला नकोच. १८ महिने सक्तमजुरी. मॅक्समुल्लरसारख्यांनी अर्ज केला, ६ सप्टेंबर १८९८ ला मुदतीआधी सुटका झाली. आणि तेच दावर १९०८ ला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावतात! वकिलीच्या धंद्यात माणूस कुठल्या बाजूला बसलाय यावर किती असतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

---

सत्यशोधन:

खटल्याबद्दल दुमत नाही. तो अन्याय होता.

---

गंमतजंमत:

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

---

एक_पेन्शनर:

ही वाट टिळकांनी पाडलेली नव्हे, हे नोंदवून ठेवतो. रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक, दापोलीजवळच्या मुरुडचे. १८६४ ला 'नेटिव्ह ओपिनियन' काढलं, पुढे मुंबईच्या कौन्सिलात आणि १८८४ ला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात. फरक असा की मंडलिकांच्या काळी निवडणुकीचं सोंगही नव्हतं, सरळ सरकारनियुक्ती. फर्डा वकील, करारी माणूस, पण सरकारला त्यांच्या पत्राची भीती वाटली नाही.

बंगालात सुरेंद्रनाथ बॅनर्जी. 'बेंगाली'चे संपादक, १८८३ ला कोर्टाच्या बेअदबीबद्दल दोन महिने तुरुंग, १८९३ पासून बंगालच्या कौन्सिलात. म्हणजे तुरुंग, संपादकी आणि कौन्सिल हा टिळकांचाच नकाशा. १८९५ च्या पुणे काँग्रेसचे अध्यक्षही तेच. सुरेंद्रनाथ कौन्सिलाच्या वाटेने जात जात शेवटी मंत्री आणि 'सर' झाले.

आणि गोखल्यांना विसरू नका. 'सुधारका'ची इंग्रजी बाजू त्यांनी सांभाळली होती. १८९९ ला तेही मुंबई कौन्सिलात गेले. १९०१ ला जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीवरून फिरोजशहा मेहतांबरोबर सभात्याग करणारे हेच मवाळ गोखले. जहाल म्हणवणारे टिळक कौन्सिलात होते तेव्हा अर्ज, प्रश्न, आकडेवारी यांच्यापलीकडे गेले नव्हते. शाळेच्या पुस्तकातली मवाळ-जहाल ही विभागणी इथे कुचकामी ठरते.

---

माळावरची_मावशी:

पेन्शनरकाका, हे आवडलं. पण मग सुटून आल्यावर टिळक परत कौन्सिलात का गेले नाहीत? दारं बंद झाली की मन उडालं?

---

शनिवारपेठी:

मावशी, सुटकेनंतरची दहा वर्षं ताई महाराजांच्या दत्तक प्रकरणाचे खटले, मग बंगालची फाळणी, सुरतेला काँग्रेसची फूट, मंडाले. कौन्सिलासाठी उसंत कुठे होती? आणि १९०९ चे सुधार आले तेव्हा ते मंडाल्याच्या तुरुंगात.

पण मन उडालं होतं असं म्हणवत नाही. १९१९ ला माँटफर्ड (माँटेग्यू-चेम्सफर्ड) सुधारणा आल्या. अमृतसरच्या काँग्रेसमध्ये टिळकांची भूमिका होती प्रतियोगी सहकाराची: सरकार जेवढं देईल तेवढं वापरायचं आणि उरलेल्यासाठी भांडायचं. १९२० च्या एप्रिलमध्ये त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला, तो निवडणुका लढवायच्या म्हणूनच. वय ६३, मधुमेहाने पोखरलेलं शरीर, दोनदा राजद्रोहाची शिक्षा भोगलेला माणूस, आणि पुन्हा कौन्सिलाची तयारी. १ ऑगस्टला मुंबईत सरदारगृहात गेले. सप्टेंबरात कलकत्त्याला काँग्रेसने कौन्सिलांवर बहिष्कार घातला, नोव्हेंबरात निवडणुका झाल्या.

---

सत्यशोधन:

त्या १९२० च्या निवडणुकीत ब्राह्मणेतर पक्षाने जागा जिंकल्या आणि माणसं कौन्सिलात पाठवली. तुमच्या डेमोक्रॅटिक पक्षापुढे ती उभी असती. टिळक असते तर लढत बघण्यासारखी झाली असती, एवढं मान्य.

---

कोर्टकचेरी:

मराठ्यांना राखीव जागाही त्याच सुधारणांत मिळाल्या होत्या. १८९५ च्या लोकल बोर्डांसारखं आयतं मतदान टिळकांना मिळालं नसतं.

---

एक_पेन्शनर:

आणि बहिष्कार फार दिवस टिकलाही नाही. १९२३ ला न. चिं. केळकर, म्हणजे टिळकांनंतर 'केसरी' चालवणारे, स्वराज्य पक्षाकडून दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात निवडून गेले. संपादकाच्या खुर्चीतून थेट तिकडे.

---

शनिवारपेठी:

केळकरांवर वेगळा धागा काढा काका, इथे नको. आधीच गंमतजंमत यांनी पॉपकॉर्न मागवलेत.